तर्काशी इमान राखणारा गणिती

संगणकशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला डी मॉर्गनचे नियम पाठ करावे लागतात. दोन ओळींचे हे नियम परीक्षेत हमखास विचारले जातात आणि बहुतेकांचा डी मॉर्गन या नावाशी असलेला संबंध तेवढ्यावरच संपतो. ऑगस्टस डी मॉर्गन (१८०६-१८७१) यांचे आयुष्य मात्र एका मोठ्या प्रश्नाभोवती गुंफलेले होते. एका विधानावरून दुसरे विधान निष्पन्न होते, असे आपण केव्हा म्हणू शकतो आणि केव्हा म्हणू शकत नाही, हा तो प्रश्न. अ‍ॅरिस्टॉटलने घालून दिलेली चौकट सुमारे दोन हजार वर्षे पुरेशी मानली जात होती. ती पुरेशी नाही, हे दाखवून देणाऱ्या मोजक्या लोकांत डी मॉर्गन यांची गणना होते. एखादे तत्त्व मान्य केले, की त्यातून निघणारा निष्कर्ष कितीही गैरसोयीचा असला तरी मान्य केला पाहिजे, हा नियम त्यांनी स्वतःच्या पोटापाण्यालाही लावला. त्यापायी त्यांनी दोनदा आपले प्राध्यापकपद सोडले.

मदुराईचा जन्म

डी मॉर्गन यांचा जन्म २७ जून १८०६ रोजी तत्कालीन मद्रास इलाख्यातील मदुराई येथे झाला. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात अधिकारी होते. आईच्या घराण्यात गणिताची परंपरा होती. प्रतिलॉगरिथमची कोष्टके तयार करणारे अठराव्या शतकातील गणिती जेम्स डॉडसन हे तिचे आजोबा. तान्हेपणीच डोळ्याला संसर्ग होऊन ऑगस्टसची उजव्या डोळ्याची दृष्टी कायमची गेली. मूल सात महिन्यांचे असताना कुटुंब इंग्लंडला परतले. दहा वर्षांचा असताना वडीलही गेले. भारतातून मायदेशी परतताना प्रवासातच त्यांचा मृत्यू झाला.

एका डोळ्यामुळे शाळेतल्या मैदानी खेळांत या मुलाला भाग घेता येत नसे, उलट सवंगड्यांची चेष्टा सोसावी लागे. वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत त्याच्या गणिती बुद्धीची कोणाला कल्पनाही नव्हती. कुटुंबाच्या परिचयातील एका गृहस्थांनी त्याला पट्टी आणि कंपास घेऊन युक्लिडच्या भूमितीतील एक आकृती मोठ्या निगुतीने रेखाटताना पाहिले. आकृती सुबक काढणे म्हणजे भूमिती नव्हे. आकृतीविषयीचे विधान आधीच्या विधानांवरून सिद्ध करणे म्हणजे भूमिती, हे त्यांनी मुलाला समजावून सांगितले. सिद्धता या कल्पनेशी झालेली ही पहिली ओळख त्याला आयुष्यभर पुरली.

१८२३ मध्ये ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाले आणि १८२७ मध्ये गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत चौथे आले. पुढची वाट सरळ होती. एम.ए.ची पदवी, मग कॉलेजची फेलोशिप. मात्र एम.ए.साठी इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या धर्मतत्त्वांवर आपली श्रद्धा असल्याची सही करावी लागे. अनेकांच्या दृष्टीने ही केवळ कागदी औपचारिकता होती. डी मॉर्गन यांनी सही नाकारली. केंब्रिजचे दार बंद झाले, तेव्हा ते कायद्याच्या अभ्यासासाठी लंडनला गेले.

त्याच सुमारास लंडनमध्ये धर्माची अट नसलेले नवे विद्यापीठ उभे राहत होते. पुढे हीच संस्था युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन म्हणून ओळखली गेली. १८२८ मध्ये अवघ्या एकविसाव्या वर्षी डी मॉर्गन यांची तेथे गणिताचे पहिले प्राध्यापक म्हणून निवड झाली.

पहिला राजीनामा

तीन वर्षांतच कसोटीचा प्रसंग आला. १८३१ मध्ये शरीररचनाशास्त्राच्या एका प्राध्यापकाला संस्थेच्या व्यवस्थापन मंडळाने, त्याच्यावर कोणताही ठपका सिद्ध न करता, पदावरून दूर केले. डी मॉर्गन यांचा त्या विषयाशी काही संबंध नव्हता. परंतु कारण न देता एका प्राध्यापकाला काढता येत असेल, तर कोणालाही काढता येईल. आणि अशा नोकरीत शिक्षकाला स्वातंत्र्य उरणार नाही, हे त्यांना स्पष्ट दिसत होते. त्यांनी राजीनामा दिला. पुढची पाच वर्षे त्यांनी खासगी शिकवण्या आणि लेखन यांवर काढली. १८३६ मध्ये त्यांच्या जागी आलेल्या प्राध्यापकाचा पाण्यात बुडून मृत्यू झाला. डी मॉर्गन यांना परत बोलावण्यात आले आणि पुढची तीस वर्षे त्यांनी तेथे अध्यापन केले. १८३७ मध्ये त्यांचा सोफिया फ्रेंड यांच्याशी विवाह झाला.

याच काळात त्यांनी ‘पेनी सायक्लोपीडिया’ या स्वस्त ज्ञानकोशासाठी सातशेहून अधिक नोंदी लिहिल्या. १८३८ मधील एका नोंदीत त्यांनी गणिती विगमन या सिद्धतापद्धतीला नाव देऊन तिचे स्वरूप स्पष्ट केले. नावात विगमन असले, तरी ही पद्धत अनुभवावरून अंदाज बांधण्याची नाही. ती पूर्णपणे निगामी, म्हणजे आधारविधानांतून निष्कर्ष अटळपणे काढणारी आहे. हा भेद त्यांच्या दृष्टीने कळीचा होता.

साचा पाहावा, मजकूर नव्हे

युक्तिवाद तपासताना माणूस सहसा निष्कर्षाकडे पाहतो. निष्कर्ष पटला, की युक्तिवादही बरोबर वाटतो. तर्कशास्त्राची पहिली शिकवण याच्या उलट आहे. युक्तिवादाची वैधता त्याच्या साच्यावर ठरते, त्यातील विधाने खरी आहेत की खोटी यावर नाही.

सर्व पक्षी उडतात. शहामृग हा पक्षी आहे. म्हणून शहामृग उडतो. येथे निष्कर्ष खोटा आहे, तरीही युक्तिवादाचा साचा वैध आहे. चूक पहिल्या आधारविधानात आहे. आता दुसरे उदाहरण पाहू. सर्व कावळे पक्षी आहेत. काही पक्षी काळे असतात. म्हणून कावळे काळे असतात. यातील तिन्ही विधाने खरी आहेत, तरीही युक्तिवाद अवैध आहे. कावळ्यांच्या जागी बगळे घालून पाहिले, की साच्यातील खोट लगेच उघडी पडते.

अवैध साच्यांपैकी काही रोजच्या बोलण्यात इतके रुळले आहेत, की ते खटकतही नाहीत. सर्व आंबे फळे आहेत, सर्व केळी फळे आहेत, म्हणून आंबे ही केळी आहेत, असे कोणी म्हटले तर हसू येते. पण अमुक संघटनेचे लोक या कायद्याला विरोध करतात, हे गृहस्थही विरोध करतात, म्हणजे ते त्या संघटनेचेच, हा युक्तिवाद भल्याभल्यांच्या तोंडी असतो. दोन्हींचा साचा एकच आहे. दोन आधारविधानांना जोडणारे मध्यपद एकदाही आपल्या संपूर्ण वर्गाविषयी बोलत नाही. तर्कशास्त्रात याला अव्याप्त मध्यपदाचा दोष म्हणतात. पाऊस पडला तर अंगण भिजते, अंगण भिजले आहे, म्हणून पाऊस पडला, हा आणखी एक अवैध साचा. अंगण सड्यानेही भिजते. उत्तरांग खरे ठरले म्हणून पूर्वांग खरे ठरत नाही. याउलट, अंगण कोरडे आहे, म्हणून पाऊस पडलेला नाही, हा निष्कर्ष मात्र वैध ठरतो.

हे सारे जुन्या तर्कशास्त्रातही होते. डी मॉर्गन यांचे वेगळेपण असे, की जुन्या यादीत न बसणारे, तरीही निर्विवाद वैध असलेले युक्तिवाद त्यांनी पुढे आणले. माणूस हा प्राणी आहे, म्हणून माणसाचे डोके हे प्राण्याचे डोके आहे. यात शंका घेण्याजोगे काहीच नाही. तरीही अ‍ॅरिस्टॉटलच्या संवाक्याच्या एकाही मान्य प्रकारात हे अनुमान बसवता येत नाही.

दुसरी त्रुटी संख्येची. दोन्ही आधारविधाने केवळ काहींविषयी असतील, तर त्यांतून काहीच निष्पन्न होत नाही, असा जुना नियम होता. समजा, एका वर्गात १०० विद्यार्थी आहेत. त्यांतील ६० जणांनी बीजगणित घेतले आहे आणि ५५ जणांनी तर्कशास्त्र. दोन्ही विधाने काहींविषयीच आहेत, तरी दोन्ही विषय घेतलेले किमान १५ विद्यार्थी असलेच पाहिजेत. मोजणी आत आली, की जुन्या नियमाला मिळत नव्हता तो निष्कर्ष हाती येतो.

हे विचार त्यांनी १८४७ मध्ये ‘फॉर्मल लॉजिक’ या ग्रंथात मांडले. त्यात तर्कदोषांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. वैध साच्यांची यादी करता येते. पण माणूस किती वाटांनी चुकू शकतो याची परिपूर्ण वर्गवारी कधी होऊ शकेल का, याविषयी त्यांना दाट शंका होती.

वाद आणि मैत्री

ग्रंथ प्रसिद्ध होण्याआधीच एक कडवट वाद पेटला होता. एडिंबरा येथील तर्कशास्त्राचे ख्यातनाम प्राध्यापक सर विल्यम हॅमिल्टन यांनी डी मॉर्गन यांच्यावर वाङ्मयचौर्याचा आरोप केला. विधानातील विधेयालाही परिमाण द्यावे, म्हणजे सर्व आंबे फळे आहेत एवढेच न म्हणता सर्व आंबे ही काही फळे आहेत असे म्हणावे, ही हॅमिल्टन यांची कल्पना होती. डी मॉर्गन यांचा मार्ग प्रत्यक्ष संख्यांचा होता. आरोपाला त्यांनी सविस्तर उत्तर दिले आणि या वादाची हकीकत आपल्या ग्रंथाच्या परिशिष्टात छापली.

या वादाचा एक अनपेक्षित लाभ झाला. लिंकन येथे शाळा चालवणारे जॉर्ज बूल हे डी मॉर्गन यांच्याशी १८४२ पासून पत्रव्यवहार करत होते. वादामुळे बूल यांचे तर्कशास्त्राविषयीचे जुने विचार पुन्हा जागे झाले आणि त्यांनी तर्काचे बीजगणित मांडणारी एक छोटी पुस्तिका लिहिली. तीही १८४७ मध्येच प्रसिद्ध झाली. त्या पुस्तिकेचे मोल डी मॉर्गन यांनी ओळखले. विद्यापीठाची पदवी नसलेल्या बूल यांना १८४९ मध्ये आयर्लंडमधील कॉर्क येथे प्राध्यापकपद मिळाले, त्यासाठी शिफारस करणाऱ्यांत डी मॉर्गन होते. दोघांचा पत्रव्यवहार १८६४ मध्ये बूल यांच्या मृत्यूपर्यंत चालू राहिला.

बीजगणिती बुद्धीची पारख त्यांनी दूरवरही केली. दिल्ली कॉलेजमधील शिक्षक रामचंद्र यांनी महत्तम आणि लघुतम मूल्ये कलनशास्त्राविना केवळ बीजगणिताने काढण्याविषयीचा ग्रंथ १८५० मध्ये कलकत्त्यात प्रसिद्ध केला होता. तो हाती पडताच डी मॉर्गन यांनी त्याची शिफारस कंपनीच्या संचालकांकडे केली. १८५९ मध्ये त्यांच्याच देखरेखीखाली, त्यांच्या प्रस्तावनेसह ग्रंथाची लंडन आवृत्ती निघाली. भारतातील बीजगणिताची जुनी परंपरा पुन्हा जागवता येईल, असा विश्वास त्यांनी या प्रस्तावनेत व्यक्त केला.

नियम आणि नाती

ज्या नियमांमुळे त्यांचे नाव विद्यार्थ्यांच्या ओठी आहे, ते शब्दांत मध्ययुगीन तर्कपंडितांनाही ठाऊक होते. डी मॉर्गन यांनी ते नव्या, चिन्हांच्या तर्कशास्त्रात आणले. उमेदवाराकडे ओळखपत्र आणि प्रवेशपत्र दोन्ही आहेत, हे विधान नाकारले तर काय शिल्लक राहते? अनेक जण चटकन म्हणतील, दोन्ही नाहीत. नियम सांगतो, की दोहोंपैकी किमान एक नाही. तसेच ओळखपत्र किंवा प्रवेशपत्र आहे, हे विधान नाकारले तर मात्र दोन्ही नाहीत, असा अर्थ होतो. नकार आत शिरताना ‘आणि’चे ‘किंवा’ होते, ‘किंवा’चे ‘आणि’ होते.

१८६० मध्ये त्यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले आणि नात्यांचे, म्हणजे संबंधांचे तर्कशास्त्र मांडले. पहिला दुसऱ्यापेक्षा उंच आणि दुसरा तिसऱ्यापेक्षा उंच असेल, तर पहिला तिसऱ्यापेक्षा उंच असतो. पण पहिला दुसऱ्याचा मित्र आणि दुसरा तिसऱ्याचा मित्र असेल, तर पहिला तिसऱ्याचा मित्र असेलच असे नाही. वाक्यरचना तीच, निकाल वेगळा. कारण संबंधाचे गुणधर्म वेगळे. डोक्याच्या उदाहरणाने जी अडचण दाखवली होती, तिच्यावरचा मार्ग येथून सुरू होत होता. गणितज्ञ तर्कशास्त्राकडे आणि तर्कशास्त्रज्ञ गणिताकडे पाठ फिरवतात, दोघेही एकाच डोळ्याने पाहतात, ही त्यांची कायमची तक्रार असे. लहानपणीच एक डोळा गमावलेल्या माणसाची ही तक्रार होती.

‘अथेनियम’ या साप्ताहिकात १८६३ पासून त्यांनी गणिती भ्रमांचा समाचार घेणारी लेखमाला चालवली. लिव्हरपूलचे एक व्यापारी जेम्स स्मिथ हे वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर नेमके सव्वातीनला अष्टमांश कमी, म्हणजे ३.१२५ असल्याचा दावा करत होते. ते गुणोत्तर आधी गृहीत धरायचे आणि मग इतर कोणतीही किंमत त्याच्याशी विसंगत ठरते असे दाखवायचे, अशी त्यांची रीत. जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरले आहे, हे डी मॉर्गन यांनी दाखवून दिले. स्मिथ यांना मात्र ते अखेरपर्यंत पटले नाही.

मोठे गणितीही या सापळ्यांतून सुटत नाहीत. कोणताही नकाशा, लगतच्या प्रदेशांना वेगळे रंग देत, चार रंगांत रंगवता येईल का, हा प्रश्न १८५२ मध्ये एका विद्यार्थ्याने डी मॉर्गन यांना विचारला. कितीही नकाशे रंगवून पाहिले, तरी ती सिद्धता होत नाही, हे उघड होते. त्यांच्या मृत्यूनंतर १८७९ मध्ये प्रसिद्ध झालेली एक सिद्धता अकरा वर्षे बरोबर मानली गेली. १८९० मध्ये तिच्यातील एक पायरी अवैध असल्याचे दिसून आले. संगणकाच्या साहाय्याने हा प्रश्न सुटण्यास १९७६ साल उजाडावे लागले.

तर्काच्या मर्यादा

वैध साचा निष्कर्षाची हमी देतो, पण आधारविधाने खरी असतील तरच. डी मॉर्गन यांचे स्वतःचे आयुष्यही याला अपवाद नव्हते. १८४० पासून त्यांनी एडा लव्हलेस यांना पत्रांतून गणित शिकवले आणि त्यांची प्रतिभा मनापासून मानली. तरीही १८४४ मध्ये एडा यांच्या आईला लिहिताना, गणिताचा एवढा ताण स्त्रीच्या शरीराला झेपणार नाही, अशी भीती त्यांनी व्यक्त केली. त्या काळातील हा सर्वमान्य समज त्यांनी तपासल्याशिवाय आधार म्हणून स्वीकारला होता.

अध्यात्मवाद्यांच्या बैठकांविषयीही असेच म्हणता येईल. १८५३ पासून त्यांनी अशा बैठकांतील टकटक आणि हालचाली स्वतः अनुभवल्या. १८६३ मध्ये सोफिया यांच्या या विषयावरील पुस्तकाला त्यांनी नाव न देता प्रस्तावना लिहिली. घडले ते खरे. पण ते कशामुळे घडले हे आपण सांगू शकत नाही, अशी त्यांची भूमिका होती. कारणाविषयी घाई न करण्यात त्यांचा तर्क चोख होता. मात्र जे पाहिले त्यात फसवणूक नव्हती, या आधारविधानाची परीक्षा तर्कशास्त्राच्या हाती नसते.

दुसरा राजीनामा

१८६६ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेजमधील तर्कशास्त्र आणि मनोविषयक तत्त्वज्ञानाचे प्राध्यापकपद रिकामे झाले. जेम्स मार्टिनो हे सर्वांत योग्य उमेदवार मानले जात होते. ते युनिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक होते आणि एका पंथाशी इतक्या उघडपणे जोडलेला माणूस नको, म्हणून व्यवस्थापनाने त्यांना नाकारले. धर्मनिरपेक्षता टिकवण्यासाठी हे केले, असा बचाव होता.

डी मॉर्गन यांना हा बचाव उघड विसंगत वाटला. उमेदवाराचा धर्म विचारात घ्यायचा नाही, हे संस्थेचे मूळ तत्त्व होते. धर्मामुळे एखाद्याला नाकारणे म्हणजेही त्याचा धर्म विचारात घेणेच. तत्त्व खरे असेल तर निर्णय चुकीचा ठरतो. निर्णय योग्य असेल तर तत्त्व सोडून दिले आहे. तिसरा पर्याय नव्हता. नोव्हेंबर १८६६ मध्ये, साठाव्या वर्षी, त्यांनी राजीनामा दिला.

पुढची वर्षे दुःखाची गेली. लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या स्थापनेत पुढाकार घेणारा त्यांचा मुलगा जॉर्ज १८६७ मध्ये वारला. याच संस्थेचे पहिले अध्यक्षपद १८६५ मध्ये डी मॉर्गन यांनी भूषवले होते. १८७० मध्ये एक मुलगीही गेली. १८ मार्च १८७१ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी त्यांनी कधी प्रयत्न केला नाही आणि एडिंबराची सन्मान्य पदवीही नाकारली होती. त्यांच्या लेखमालेचे पुस्तक सोफिया यांनी १८७२ मध्ये प्रसिद्ध केले. १८८४ पासून लंडन मॅथेमॅटिकल सोसायटी त्यांच्या नावाने पदक देते.

त्यांचे विद्यार्थी विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी आधारविधाने कळपट्टीवर दाबली की निष्कर्ष दाखवणारे एक यंत्र तयार केले आणि १८७० मध्ये ते रॉयल सोसायटीपुढे मांडले. १९३७ मध्ये अमेरिकेत क्लॉड शॅनन यांनी बूल यांचे बीजगणित विद्युतमंडलांना लागू करून दाखवले. ‘आणि’, ‘किंवा’ व ‘नाही’ यांचा हिशेब मांडणाऱ्या त्या मंडलांत डी मॉर्गन यांचे नियमही आपसूक आले. आज हे काम यंत्रे क्षणार्धात करतात. आपल्याच संस्थेचा निर्णय आपल्याच तत्त्वाला धरून आहे का, हे तपासण्याचे आणि उत्तर नाही असे आले तर त्याप्रमाणे वागण्याचे काम मात्र माणसालाच करावे लागते. डी मॉर्गन यांनी ते दोनदा केले.